एकमताची सक्ती

अमेरिकेत स्वतःला लिबर्टेरियन म्हणवून घेणाऱ्याला एक परीक्षा हमखास द्यावी लागते. सरकार लहान हवं, कर कमी हवेत, माणसाला त्याच्या मर्जीने जगू द्यावं, एवढं बोलून तो थांबतो न थांबतो तोच प्रश्न येतो: गर्भपाताचं काय? तो ‘मोकळीक द्या’ म्हणो की ‘बंदी घाला’, निम्म्या सभागृहाच्या लेखी तो नापास.

हे भांडण पन्नास वर्षांचं आहे. एक बाजू म्हणते, बाईच्या देहावर बाईचीच मालकी, सरकारने हात काढावा. दुसरी म्हणते, गर्भ हाही जीव, त्याला मारण्याचा हक्क कोणालाच नाही. दोघंही स्वातंत्र्याची शपथ घेतात आणि दोघंही समोरच्याला तोतया ठरवतात.

ज्यांना सरकारची सक्ती नको, त्यांना एकमताची सक्ती कशी चालते?

आधी तत्त्व पाहू. ते एका ओळीत मावतं. दुसऱ्याच्या अंगाला आणि मालमत्तेला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावू नका. हा नियम चोराला लागू आणि सरकारलाही. कर, सक्तीची लष्करभरती, परवाने, बंद्या, सगळं याच फूटपट्टीने मोजायचं.

फूटपट्टी चांगली आहे. फक्त एक गोष्ट ती सांगत नाही. दुसरा माणूस कधीपासून मोजायचा?

गर्भ राहिला त्या दिवसापासून? ठोके ऐकू येऊ लागल्यापासून? आईच्या पोटाबाहेर जगू शकेल तेव्हापासून? की पहिल्या श्वासापासून? या प्रश्नावर तत्त्व मुकं आहे. उत्तर जीवशास्त्रातून, धर्मातून, अनुभवातून किंवा सदसद्विवेकातून आणावं लागतं. आणि या चारही गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

मग एकमत येणार कुठून?

मरे रॉथबार्ड हे या पंथाचे सर्वांत कडवे भाष्यकार. १९७३ मध्ये त्यांनी मांडणी केली: गर्भाला पूर्ण माणूस मानला तरी, कोणत्याही माणसाला दुसऱ्याच्या देहात त्याच्या इच्छेविरुद्ध राहण्याचा हक्क नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा, गर्भपाताचा हक्क मान्य करणारा ‘रो विरुद्ध वेड’चा निकाल लागला होता. रॉथबार्डना न्यायालयाची गरजच नव्हती. त्यांच्या लेखी प्रश्न मालकीचा होता आणि सुटलेला होता.

आता दुसरा माणूस. रॉन पॉल हे टेक्सासचे माजी खासदार, पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ. हजारो बाळंतपणं त्यांच्या हातून झाली. शिकाऊ डॉक्टर असतानाचा एक प्रसंग ते जाहीर भाषणांत सांगत आले आहेत. शस्त्रक्रिया करून काढलेला गर्भ रडत होता, श्वास घेत होता. तो बादलीत टाकून कोपऱ्यात ठेवला गेला. आणि त्याच मजल्यावर, दुसऱ्या खोलीत, अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचवायला डॉक्टरांची धावपळ चालली होती.

हे ज्याने पाहिलं, त्याला मालकीहक्काचं प्रमेय सांगून काय उपयोग?

आणि हेच रॉथबार्ड १९८८ च्या निवडणुकीसाठी लिबर्टेरियन पक्षाचा उमेदवार निवडताना कोणामागे उभे राहिले? रॉन पॉल यांच्यामागे. युद्ध, कर, चलन या मुद्द्यांवर दोघांचं जुळत होतं. गर्भपातावर जुळत नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं आणि कामाला लागले.

पंथातल्या सर्वांत हट्टी माणसाला जे जमलं, ते त्याच्या चेल्यांना का जमू नये?

बरं, ‘जीव वाचवा’ म्हणणारे सगळे चर्चचे, असंही नाही. १९७६ मध्ये डोरिस गॉर्डन यांनी ‘लिबर्टेरियन्स फॉर लाइफ’ काढली. देवाचं नाव न घेता त्या युक्तिवाद करत. तुमच्या कृतीमुळे एक जीव परावलंबी अवस्थेत आला, मग त्याची जबाबदारीही तुमची. वॉल्टर ब्लॉक यांनी तिसरीच वाट काढली: बाईला गर्भ देहाबाहेर काढण्याचा हक्क आहे, मारण्याचा नाही, तो बाहेर जगू शकत असेल तर जगवला पाहिजे. कादंबरीकार आयन रँड यांना यातलं काहीच मंजूर नव्हतं. गर्भपाताचा हक्क त्यांना इतका निःसंशय वाटे की त्याच मुद्द्यावरून त्यांनी रेगनना विरोध केला.

एकाच तत्त्वातून चार उत्तरं निघाली. ती देणाऱ्यांपैकी कोणीही आळशी नव्हतं.

तरीही ‘आपणच खरे’ ठरवण्याची हौस फिटत नाही. रँडबाईंचंच उदाहरण घ्या. व्यक्तिस्वातंत्र्याच्या या पुजारणीभोवती न्यूयॉर्कमध्ये शिष्यांचं मंडळ होतं. तिथे मतभेद म्हणजे विश्वासघात. रॉथबार्ड १९५८ मध्ये तुटले. वर्षानुवर्षांचा पट्टशिष्य नॅथॅनियल ब्रँडन १९६८ मध्ये हाकलला गेला. स्वतंत्र बुद्धीचा गौरव करणाऱ्या मंडळात स्वतंत्र बुद्धीला जागा नव्हती.

याच्या आधीचीही एक हकिकत आहे. एप्रिल १९४७. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या वरच्या अंगाला माँ पेलेराँ नावाचं गाव. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी मुक्त बाजाराच्या बाजूचे विचारवंत तिथल्या हॉटेलात जमवलेले. महायुद्ध नुकतंच संपलेलं, अर्धा युरोप साम्यवादाच्या छायेत. म्हणजे ही मूठभर माणसं आपसांत भांडण्याच्या परिस्थितीत नव्हती. चर्चा उत्पन्नाच्या वाटपावर आली. कोणी म्हणालं, श्रीमंतांवर थोडा चढता कर चालेल. लुडविग फॉन मीझेस ताडकन उठले, तुम्ही सगळे समाजवादी आहात असं म्हणाले आणि निघून गेले.

मिल्टन फ्रीडमन हे सांगत. त्या खोलीत ते होते.

खोलीत आणखी कोण होतं? स्वतः हायेक. गरिबांना किमान आधार सरकारने द्यायला हरकत नाही, असं ज्यांनी १९४४ मध्ये छापून ठेवलं होतं ते हायेक. मीझेस यांची कसोटी लावली असती तर त्या बैठकीचा यजमानच बाहेर गेला असता.

फ्रीडमन तरी कुठे स्वच्छ होते? दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी अर्थखात्यात होते. पगार हातात पडण्याआधीच त्यातून कर कापून घ्यायची व्यवस्था तेव्हा उभी राहिली, त्या कामात त्यांचा हात होता. आपल्याकडच्या नोकरदाराला टीडीएस माहीत आहे, म्हणजे गुन्हा किती मोठा ते वेगळं सांगायला नको. रॉथबार्डनी यावरून त्यांना धारेवर धरलं.

मग काय, फ्रीडमनना बाहेर काढायचं?

काढलं असतं तर पुढचं ऐका. १९६९ मध्ये निक्सननी सक्तीच्या लष्करभरतीवर आयोग नेमला. फ्रीडमन त्याचे सदस्य होते. भरती ऐच्छिक करा, असं आयोगाने सांगितलं आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. अमेरिकेतल्या तरुणाला सरकारने दिलेली इतकी मोठी मोकळीक शोधून सापडायची नाही. ती मिळवून देणाऱ्यांत एक ‘अशुद्ध’ माणूस होता.

शुद्धीचे ठेकेदार तेव्हा काय करत होते? एकमेकांचं सोवळं तपासत होते.

यादी इथे संपत नाही. सरकार किमान तरी हवं, असं रॉबर्ट नॉझिक म्हणाले. मुळीच नको, असं रॉथबार्ड म्हणाले. पेटंट म्हणजे रँड यांच्या लेखी बुद्धीची मालमत्ता, पुढच्या पिढीतल्या अनेकांच्या लेखी सरकारी मक्तेदारी. सीमा उघड्या ठेवाव्यात की बंद, यावर तर दोन तट आहेत आणि दोघांकडे तत्त्वाचे दाखले आहेत. थोरल्या फ्रीडमनना लहान सरकार हवं होतं. त्यांचे चिरंजीव डेव्हिड यांनी १९७३ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, पोलीस आणि न्यायालयंही खासगी करा.

बापलेकांत एकमत नाही. पक्षात कुठून आणणार?

आता लिबर्टेरियन पक्षाकडे येऊ. १९७१ मध्ये कोलोरॅडोत जन्मलेला हा पक्ष. गर्भपातावर त्याच्या जाहीरनाम्यात वर्षानुवर्षं एक कलम होतं. त्याचा आशय असा: विषय नाजूक आहे, सर्व बाजूंना प्रामाणिक माणसं असू शकतात, आणि म्हणून सरकारने यातून बाहेर राहावं, निर्णय ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडावा.

मतभेदाचा मानही राखला आणि पक्षाची भूमिकाही सांगितली. एका वाक्यात याहून जास्त काय हवं?

मे २०२२ मध्ये रीनो शहरात अधिवेशन झालं. ‘मीझेस कॉकस’ नावाच्या गटाने पक्ष ताब्यात घेतला आणि हे कलम उडवलं. कारण दिलं गेलं ते मोठ्या मनाचं: गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांना पक्ष आपला वाटावा. महिनाही उलटला नाही तोच, २४ जून २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निकाल पुसून टाकला. देशभर एकच विषय. प्रत्येक राज्यात नवा कायदा.

आणि सरकारने माणसाच्या आयुष्यात किती घुसावं, हाच ज्याचा एकमेव धंदा, त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात तेव्हा गर्भपातावर अक्षर नव्हतं.

मतभेद मान्य करणं वेगळं आणि तोंड मिटून बसणं वेगळं. आमच्यात दोन मतं आहेत, ही दोन्ही आणि ही त्यांची कारणं, असं सांगणारा पक्ष प्रौढ असतो. वादाचा विषयच खोडून टाकणारा पक्ष घाबरलेला असतो.

याच पक्षाच्या उमेदवाराला २०१६ मध्ये सुमारे ४५ लाख मतं पडली होती. २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास. या घसरगुंडीला कारणं अनेक आहेत. पण आपसांत सोवळ्याओवळ्याचा खेळ मांडून कोणाचं मत वाढलेलं दिसत नाही.

आता माझं मत. मतभेद चालतील म्हणणाऱ्याने स्वतःचं मत लपवू नये.

गर्भपात नैतिक की अनैतिक, यावर लिबर्टेरियनांनी आयुष्यभर भांडावं. रॉन पॉल यांना जे दिसलं ते खोटं नाही. पण बंदी हवी म्हणणाऱ्याला पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: ती बंदी अमलात कोण आणणार?

गर्भ राहिल्याचं कळल्यानंतरही शंभरातल्या दहा ते वीस बायकांचा गर्भ आपसूक पडतो. तो आपसूक पडला की पाडला, हे कोण ठरवणार? पोलीस? मग पोलिसाला दवाखान्याची कागदपत्रं लागतील, औषधाच्या दुकानातल्या नोंदी लागतील, बाईचा फोन लागेल. करवसुली अधिकाऱ्याने बँकखातं तपासलं की ज्यांचा संताप होतो, त्यांना ही झडती कशी पटते?

टेक्सासने तर कमाल केली. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपता आली, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनंतर, गर्भपाताला बंदी. अंमलबजावणी मात्र सरकारने करायची नाही. कोणीही उठावं आणि गर्भपात करणाऱ्यावर किंवा त्याला मदत करणाऱ्यावर दावा ठोकावा. जिंकला तर किमान दहा हजार डॉलर.

शेजाऱ्याला शेजाऱ्यामागे लावून द्यायचं आणि वर सांगायचं, सरकार यात नाही. याला लहान सरकार म्हणायचं?

राज्यांवर सोडा, हा रॉन पॉल यांचा आवडता तोडगा. वॉशिंग्टनने हात काढावा, ऑस्टिनमधल्या राज्य सरकारने ठरवावं. पण दाराशी आलेला पोलीस वॉशिंग्टनचा आहे की ऑस्टिनचा, याने त्या घरातल्या बाईला काय फरक पडतो?

ठोके मोजणाऱ्या कायद्याची किंमत कोणी मोजली, ते बेळगावला विचारा. सविता हलप्पनवार. बेळगावच्या कुटुंबातली दंतवैद्य, वय ३१, आयर्लंडमध्ये राहणारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मोकळं करा म्हणून सांगितलं. गर्भाचे ठोके चालू होते, कायदा आडवा आला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. आयर्लंडच्या मतदारांनी २०१८ मध्ये गर्भपात रोखणारं ते घटनाकलम रद्द केलं.

डॉक्टरला पेशंटकडे बघायच्या आधी वकिलाकडे बघावं लागतं, तिथे जीव वाचवणारा कायदाच जीव घेतो. म्हणून माझं मत सरकार बाहेर ठेवण्याच्या बाजूचं आहे.

पण रॉन पॉल यांना मी तोतया म्हणणार नाही. गर्भ माणूस आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला ‘सरकार बाहेर ठेवा’ हे तटस्थ वाटणारच नाही. खुनातून पोलिसांनी बाहेर राहावं, असं आपण तरी म्हणू का? त्याचं गृहीतक मला मान्य नाही. त्याचा प्रामाणिकपणा मान्य आहे. दोन्ही एका वेळी मान्य करायला फार मोठं मन लागत नाही, थोडी सवय लागते.

शिवाय दोन्ही बाजूंचं जुळतं ते काय कमी आहे? गर्भपाताचा खर्च करदात्याच्या माथी मारू नये, हे दोघांना मान्य. नकार देणाऱ्या डॉक्टरला जबरदस्ती करू नये, हेही मान्य. आणि सरकारने कोणाही बाईला गर्भ पाडायला भाग पाडू नये, यावर तर वादच नाही.

हा शेवटचा मुद्दा चीनपुरता समजू नका. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. जन्म दे म्हणून आज जे सरकार दटावतं, तेच उद्या देऊ नको म्हणून दटावू शकतं.

आपल्याकडे गर्भपाताला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. परवानगी मिळाली, पण निर्णय डॉक्टरच्या मतावर ठेवला. हक्क अजून पुरता बाईच्या हाती नाही, हे आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही.

बोलणाऱ्यांनाही एक अवघड वळण भेटलं. मुलगी नको म्हणून गर्भ पाडले जाऊ लागले. गर्भलिंग चाचणीवर लगाम घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. त्यासाठी लढल्या त्या स्त्री संघटना. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या, आणि चाचणीच्या विरोधातल्या. त्यांना कोणी विचारलं, तुमचं तत्त्व नक्की कोणतं? त्यांनी उत्तर दिलं आणि दोन्ही लढे चालू ठेवले.

ती बंदी मला पटते. सुनेवर सासरचा दबाव असताना ‘तिची निवड’ म्हणणं फसवं आहे. एखाद्या स्वातंत्र्यवाद्याला पटणार नाही. म्हणेल, माहिती मिळवण्यावर बंदी कशी? म्हणू दे. कारणं देऊन म्हणू दे.

मतभेद मोकळेपणाने मान्य करणारा पक्ष कधी कोणी चालवला का? चालवला. इथेच.

ऑगस्ट १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाचं अधिवेशन मुंबईत भरलं. पक्षाची मूलतत्त्वं एकवीस. त्यातलं एकविसावं असं की, या मूलतत्त्वांबाहेरच्या सगळ्या प्रश्नांवर प्रत्येक सभासदाला पूर्ण मतस्वातंत्र्य. मतभेदाची मुभा पक्षाने लिहून दिली होती, तीही तत्त्व म्हणून.

ते नुसतं कागदावर नव्हतं. कन्हैयालाल मुन्शी घटना समितीत हिंदीच्या सूत्राचे शिल्पकार. पक्षाचे संस्थापक राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) तोवर हिंदीच्या सक्तीचे कट्टर विरोधक झालेले. दोघंही एकाच पक्षात. आणि दारूबंदी? १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात ती आणणारे राजाजीच, परवाना राजवर तुटून पडणारेही राजाजीच. मिनू मसानी पूर्वीचे समाजवादी, एन. जी. रंगा शेतकऱ्यांचे पुढारी. पाठीशी माजी संस्थानिकही.

या विजोड मेळाव्याने १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा जिंकल्या आणि सभागृहातला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचंही तसंच. १९८६ मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगावी सांगितलं. आणि ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं तेव्हा? बाजूने १८६, विरोधात एक. तो एक शरद जोशी. चिठ्ठ्या टाकून, फिरवून मतदारसंघ राखीव करण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती.

ते बायकांच्या विरोधात होते? ज्यांच्या नावावर सातबारा चढला त्या बायकांना जाऊन विचारा.

तर मग सगळं चालेल का? नाही. काही गोष्टींवर एकमत हवंच. पटवण्याच्या जागी दंडुका नको. आपल्याला पटलेली सक्तीही सक्तीच आहे, तिची किंमत उघडपणे मांडली पाहिजे. आणि जे मत आहे ते कारणांसह जाहीरपणे सांगितलं पाहिजे. एवढं मान्य असलेला माणूस गर्भपातावर तुमच्याविरुद्ध बोलला, तरी तो तुमचाच.

मतभेद असणाऱ्याला बाहेर काढलं की पक्ष शुद्ध होतो आणि लहान होतो. सरकार मात्र होतं तेवढंच मोठं राहतं.